पाटीला तिसरं भोक

रात्री अडीचच्या सुमाराला मागच्या अंगणात काहीतरी धपकन पडलं. वारा इतका सुटला होता की खिडकीच्या काचा चौकटीत थरथरत होत्या, उठून बघायचं धाडस झालं नाही. सकाळी खाली गेले तर कचऱ्याच्या डब्यांशेजारच्या ओल्या मातीत छपराची एक पाटी रुतून उभी होती. तिरपी, निम्मी आत, निम्मी बाहेर. एक कोपरा उडाला होता, बाकी अखंड. चौथ्या मजल्याच्या वरून पडली होती ती.

इथे तिला स्लेट म्हणतात. पण अंगठ्याने माती पुसल्यावर जो निळसर काळा रंग वर आला, तो पाहून माझ्या मनात एकच शब्द आला. पाटी. ओल्या फडक्याने नुकतीच पुसलेली, अजून न वाळलेली, बालवाडीतली पाटी. वासही तोच. ग्लासगोच्या त्या गारठ्यात, पायात घरातल्या सपाता, हातात तो दगड, आणि मला लाकडी चौकटीचा गुळगुळीत झालेला कोपरा आठवत होता.

आमचं घर टेनमेंटमध्ये आहे. म्हणजे दगडी बांधणीची चार मजली जुनी इमारत, एक जिना, आठ बिऱ्हाडं आणि सगळ्यांना मिळून एकच छप्पर. गळतं वरच्या मजल्यावर, खर्च तळमजल्यावरच्यालाही द्यावा लागतो. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आम्ही आधी ज्या कंत्राटदाराला बोलावलं, त्याने वर चढून डांबरासारखं काहीतरी फासलं, दोन नव्या पातळ पाट्या कोंबल्या आणि बिल दिलं. महिन्याभरात वरच्या आजींच्या न्हाणीघराच्या छताला पुन्हा ओल आली. मग कोणीतरी एका म्हाताऱ्या स्लेटरचं नाव सुचवलं. स्लेटर म्हणजे छपरावर पाट्या बसवणारा कारागीर. पिढीजात धंदा त्याचा.

त्याने ती पडलेली पाटी हातात घेतली आणि बोटाच्या पेराने तिच्यावर टिचकी मारली. खणकन वाजली. माठ घेताना आपण वाजवून बघतो ना, अगदी तसं. चिरलेली असती तर भद्द वाजली असती. मग त्याने मला तिच्या माथ्याजवळची दोन भोकं दाखवली. एकाच्या कडा झिजून तांबूस झालेल्या, दुसरं त्याच्या शेजारीच, जरा ताजं. स्कॉटलंडमध्ये पाटी बहुधा एकाच खिळ्यावर टांगतात, तो म्हणाला. खाली सलग फळ्या ठोकलेल्या असतात, त्यावर ही एका खिळ्याने लटकते. म्हणून मधली एखादी बदलायची तर शेजारची बाजूला फिरवता येते, सगळं छप्पर उचकटावं लागत नाही. दोन भोकं याचा अर्थ ही पाटी तुमच्या छपराच्या आधी दुसऱ्या कुठल्या तरी छपरावर होती.

"आणि त्याआधी?" मी विचारलं.

"बालाहूलिश, नाहीतर इझडेल."

एक गाव, एक बेट, दोन्ही पश्चिम किनाऱ्यावरची. ग्लासगोची जुनी छपरं मुख्यतः याच दोन ठिकाणच्या दगडाची. त्याने पाटी उन्हात तिरपी धरली. तिच्यात मोहरीएवढे पितळी रंगाचे चौकोनी दाणे चमकले. घासूनपुसून बसवल्यासारखे, कडा इतक्या नेमक्या. लोह आणि गंधक यांचे ते स्फटिक. पायराइट म्हणतात त्यांना. दोन्ही ठिकाणच्या दगडात ते सापडतात, त्यामुळे त्याच्यावरून काही ठरत नाही.

मी जे विचारलं त्यावरून त्याला वाटलं असावं की मला विकत घ्यायच्या आहेत. तो म्हणाला, नव्या मिळणार नाहीत. बालाहूलिशची खाण १९५५ साली बंद झाली. इझडेलच्या शेजारच्या लुइंग बेटावरचं काम साठच्या दशकात थांबलं. तेव्हापासून स्कॉटलंडमध्ये छपराची पाटी काढणारी एकही मोठी खाण चालू नाही. आज डागडुजीला लागणारा माल येतो तो पाडलेल्या शाळांवरून, चर्चवरून, गिरण्यांवरून. नाहीतर मग स्पेनचा, वेल्सचा. एक छप्पर मरतं तेव्हा दुसरी चार जगतात.

हे त्याने इतक्या साधेपणाने सांगितलं, आणि माझ्या डोक्यातून ते गेलंच नाही.

मे महिन्यात अण्णा आले, माझे वडील. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवून निवृत्त झालेले. त्यांना एडिंबराचा किल्ला दाखवला, तलाव दाखवले, ते सगळ्याला छान म्हणाले. मग मी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेली ती पाटी त्यांनी पाहिली आणि विचारलं, "ही कुठली गं?" मी म्हटलं, "अण्णा, चला, दाखवते."

ग्लासगोहून अडीच-तीन तासांचा रस्ता. ओबन गावाच्या दक्षिणेला मुख्य रस्ता सोडला की एकेरी वाट लागते आणि मग एक दगडी पूल येतो, एकाच कमानीचा, मांजराने पाठ उंचावावी तसा. १७९२ साली बांधायला घेतलेला. खालून जी चिंचोळी खाडी वाहते ती दोन्ही टोकांना समुद्राला मिळते, म्हणून लोक त्याला अटलांटिकवरचा पूल म्हणतात. पलीकडे सील बेट, आणि सीलच्या दुसऱ्या टोकाला एलेनाबीच. पांढऱ्या चुन्याने रंगवलेल्या बैठ्या घरांच्या रांगा. खाणकामगारांची घरं ती, सगळी एका मापाची, दार मधोमध, दोन बाजूंना दोन खिडक्या. बाहेरची माणसं या गावालाही इझडेल म्हणतात. खरं इझडेल बेट समोर आहे, हाकेच्या अंतरावर, मधे थोडंसं पाणी.

एलेनाबीच हे मुळात एक छोटं बेट होतं. माणसांनी ते आतून पोखरत नेलं, आणि जो टाकाऊ दगड निघाला तो मधल्या पाण्यात लोटत गेली, इतका की बेट आणि सील यांच्यामधली खाडीच बुजली. आज ज्याला गाव म्हणायचं ते बरंचसं त्या भरावावर उभं आहे. आणि बेटाच्या पोटात जिथे दगड होता तिथे आता पाणी.

इझडेलला जायला छोटी होडी आहे. वेळापत्रक असतं, पण होडी पलीकडे असेल तर धक्क्यावरच्या शेडमध्ये एक बटण आहे, ते दाबायचं. भोंगा वाजतो. अण्णांनी ते दाबलं आणि पलीकडून खरंच एक माणूस चालत येऊन होडीत बसला तेव्हा ते लहान मुलासारखे हसले.

पलीकडच्या धक्क्यावर पहिली गोष्ट दिसते ती हातगाड्या. एकाचाकी, बांधकामावर असतात तशा, ओळीने उभ्या केलेल्या. बेटावर मोटारी नाहीत, रस्तेच नाहीत. किराणा, गॅसची टाकी, कपाट, जे काही यायचं ते होडीतून उतरवून या गाड्यांमधून घरी ढकलत न्यायचं. साठेक माणसं राहतात. एकोणिसाव्या शतकात इथे पाचशेच्या आसपास होती, आणि मधे एक काळ असा आला की हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली.

चालायला लागलो की पायाखाली आवाज होतो. कौलं फुटलेल्या अंगणातून चालल्यासारखा, खळखळ आणि मधूनच टणकार. माती जवळजवळ नाहीच. जिकडे पाहावं तिकडे कपच्या, ढलप्या, तुकडे, गुडघ्याएवढे ढीग, माणसाएवढे ढीग, आणि किनाऱ्यावर लाटांनी घासून गोल केलेल्या चपट्या चकत्या. खाणीतून निघालेल्या दगडापैकी फार थोडा छपरापर्यंत पोचायचा, बाकी सगळा इथेच पडायचा. दीड-दोनशे वर्षांचा तो केर. खरं तर केर म्हणवत नाही, कारण घरं त्याचीच, धक्का त्याचाच, कुंपणंही त्याचीच.

आणि मधे मधे तळी. सात खाणी होत्या या एवढ्याशा बेटावर, बेट ते किती, तासाभरात पायी फिरून होतं. त्या आता पाण्याने भरल्या आहेत. पाणी निवळशंख, कडेला हिरवट निळं, आणि खाली पाहिलं की कातळाच्या उभ्या भिंती सरळ काळोखात उतरत जातात.

सुरुवात मात्र खोल खणून झाली नव्हती. सुरुवात किनाऱ्यावर झाली. उधाणाची ओहोटी आली की समुद्र सर्वांत लांब मागे हटतो, तेव्हा उघड्या पडलेल्या कातळाच्या भेगांत माणसं लाकडी पाचरी ठोकायची. मग भरती यायची. लाकूड पाणी पिऊन फुगायचं आणि दगड आपोआप सुटायचा. पुढच्या ओहोटीला येऊन तो गोळा करायचा. ही हकीकत वाचली तेव्हापासून मला ती आवडते. ज्या समुद्राने पुढे सगळं हिरावून घेतलं तोच आधी त्यांचा गडी होता.

१७४५ साली या भागात संगमरवर आणि पाट्या काढणारी कंपनी निघाली. जमीन ब्रेडलबेनच्या सरदार घराण्याची. तिथून पुढे काम वाढत गेलं. किनारा संपला तेव्हा माणसं खाली उतरली, समुद्रपातळीच्याही खाली. पाणी उपसायला वाफेची यंत्रं आली, सुरुंगाची दारू आली, दगड ओढायला रूळ आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वर्षाला लाखो पाट्या इथून जहाजात चढत होत्या. ग्लासगो आणि एडिंबरा या शहरांनी घरं बांधायची आणि या गावाने त्यांना पांघरूण पुरवायचं, असा तो काळ.

बेटावर एक छोटं संग्रहालय आहे. तिथे खाणीतली हत्यारं मांडून ठेवली आहेत, आणि अण्णा त्यांच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. दगड फोडायचं काम खाली खाणीत व्हायचं, पण पाटी व्हायची ती वर. फोडणारा माणूस दगडाचा ठोकळा समोर घेऊन बसायचा. रुंद, पातळ छिन्नी कडेला टेकवायची आणि हलका ठोका द्यायचा. जोर लावला की बिघडलं. बरोबर जागी ठोका बसला तर दगड पापुद्र्यासारखा सुटतो, एकाचे दोन, दोनाचे चार, असं करत बोटापेक्षाही पातळ होईपर्यंत. आणि हे दगड ओला असेतोवरच. वाळला की तो अडून बसतो, मग पदर सुटत नाहीत. म्हणून खाणीतून आलेला ठोकळा झाकून, भिजवून ठेवायचे. एकाने फोडायची आणि दुसऱ्याने लोखंडी धारेवर ठेवून सुरीने कडा छाटायच्या.

यातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मला वाटायचं, चिखलाचे थर एकावर एक साचले, त्यांचा दगड झाला, आणि तो त्याच थरांवर सुटतो. पोळीचे पदर सुटावेत तसा. ते तसं नाही. साठ कोटी वर्षांहून जुना तो चिखल पुढे डोंगर उचलले जाताना प्रचंड दाबाखाली चेपला गेला. त्या दाबाने आतले कण वळले आणि दाबाच्या दिशेला आडवे होऊन एकमेकांना समांतर बसले. पाटी सुटते ती या नव्या रेषेवर, मूळच्या थरांना छेदून. फोडणाऱ्याला हे शास्त्र कोणी शिकवलेलं नसायचं. त्याला फक्त कळायचं की दगड कुठल्या अंगाने राजी आहे.

इथला दगड वेल्सच्या दगडासारखा मोठ्या, पातळ, एकसारख्या तुकड्यांत सुटत नाही. लहान-मोठा, जाडसर निघतो. मग स्कॉटलंडच्या कारागिरांनी छपराची रीतच तशी बसवली. सर्वांत मोठ्या पाट्या वळचणीला, त्यावर जरा लहान, त्यावर आणखी लहान, आढ्याजवळ तळहाताहून थोड्या मोठ्या. ग्लासगोतल्या कुठल्याही जुन्या छपराकडे मान वर करून पाहा, रांगा वर जाताना बारीक होत जातात. मी सात वर्षं ती छपरं पाहत होते आणि मला वाटत होतं की ते अंतरामुळे तसं दिसतं.

संग्रहालयातून बाहेर पडल्यावर अण्णा एका ढिगापाशी खाली बसले. गुडघे दुखतात त्यांचे, पण बसले. हाताच्या पंज्याएवढी एक सपाट ढलपी उचलली, बाहीने पुसली. मग दुसरी एक टोकदार कपची घेतली आणि तिच्यावर सावकाश श्री काढला. पांढरट राखाडी रेघ उमटली. वळण तेच, फळ्यावर काढायचे तसं, वेलांटीची कमान अगदी गोल. त्याखाली ग, म, भ, न. मी काही बोलले नाही. त्यांनी ती थोडा वेळ हातात धरली, अंगठ्याने ओल लावून अक्षरं पुसली, आणि ढलपी होती तिथेच परत ठेवली.

"पोरं पाट्या फोडायची," ते म्हणाले. "रोज एक तरी. मी रागवायचो. ती दगडाची होती हे मला कधी सुचलंच नाही बघ. म्हणजे, दगडाची म्हणायचो, पण कुणी तरी ती बसून फोडली असेल, हे."

१८८१ च्या नोव्हेंबरात नैर्ऋत्येकडून वादळ आलं. भरती आणि वारा एकाच वेळी चढले. एलेनाबीचच्या खाणीचा तळ समुद्राच्या सत्तर-पंचाहत्तर मीटर खाली होता, आणि पाणी आणि ती पोकळी यांच्यामधे उरली होती फक्त कातळाची एक भिंत. ती फुटली. समुद्र आत आला. इझडेलच्या खाणीतही पाणी शिरलं. रात्री झोपताना ज्यांच्याकडे काम होतं त्यांच्याकडे सकाळी ते नव्हतं, आणि त्यांच्या घराच्या दारातून, चार पावलांवर, ते बुडालेलं काम दिसत होतं. मी त्या पांढऱ्या रांगांमधून चालताना हेच मनात येत होतं की इथे प्रत्येक दार त्या पाण्याकडे उघडतं.

काही खाणी उपसून पुन्हा चालवल्या. पण तोवर वेल्सचा माल रेल्वेने स्वस्तात सगळीकडे पोचत होता आणि कौलं आली होती. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला इझडेलचा धंदा जवळजवळ संपला. बेटाच्या टेकडीवर चढलं, अडतीस मीटरची ती टेकडी, की नैर्ऋत्येला बेलनाहुआ नावाचं आणखी एक बेट दिसतं. तिथलीही खाण, तिथलीही रांगेतली घरं. १९१४ साली युद्धाला माणसं गेली, खाण भरली, आणि तिथे परत कोणी राहायला आलं नाही. दुर्बिणीतून भिंती दिसतात. छपरं नाहीत. ज्यांनी दुसऱ्यांची छपरं केली त्यांच्या घरांची.

इझडेलचं नशीब वेगळं निघालं. आता दर सप्टेंबरात इथे जगभरातून शेकडो माणसं येतात, पाण्यावर दगड फेकायला. आम्ही गावाकडे भाकऱ्या मारणं म्हणायचो, चपटा दगड पाण्यावरून टप्पे घेत पळवायचा. त्याची जागतिक स्पर्धा इथल्या एका बुडालेल्या खाणीत होते, १९९७ पासून. दगड बेटावरचाच हवा, तीन इंचांहून मोठा नको, किमान दोन टप्पे पडायला हवेत, आणि मग बुडेपर्यंतचं अंतर मोजतात. २०२५ मध्ये काहींनी दगड घासून गोल केल्याचं उघड झालं आणि ते बाद झाले. मला ते वाचून त्यांचा राग आला, खरोखरच आला. त्या बेटावर हव्या तितक्या चपट्या चकत्या लाटांनी फुकट करून ठेवल्यात.

स्पर्धेचा मला आनंद आहे. तिच्या पैशावर बेटाची बरीच कामं होतात, माणसं टिकतात. पण एक गोष्ट मला सलते आणि ती मी लिहिणार आहे. दगड संपला म्हणून खाणी बंद पडल्या नाहीत. दगड आहे. लुइंगला आहे, बालाहूलिशला आहे. संपले ते ओला ठोकळा समोर घेऊन बसणारे हात. आज स्कॉटलंडमध्ये लाखो छपरांना त्याच जातीच्या पाट्या लागतात आणि त्या मिळवायला आपण दुसरी इमारत पडण्याची वाट पाहतो. एखादी लहान खाण पुन्हा उघडावी, फक्त दुरुस्तीपुरती, अशी चर्चा अधूनमधून होते. व्हायला हवी ती. चार माणसांनी तरी हे काम शिकायला हवं, त्या दगडाचं अंग कुठल्या बाजूने राजी आहे ते ओळखायला. काचेच्या कपाटातली छिन्नी ते शिकवू शकत नाही.

परतीच्या होडीत अण्णांनी विचारलं, "तुझी ती पाटी परत वर बसणार का?" मी म्हटलं, कोपरा उडालाय, बहुतेक नाही.

जूनमध्ये आठही बिऱ्हाडांचे पैसे जमले आणि म्हातारा स्लेटर शिडी घेऊन आला. अण्णा अजून होते. मी खिडकीतली पाटी त्याला दिली, आठवण म्हणून ठेवू की टाकू असं विचारणार होते. त्याने विचारायला वेळच दिला नाही. लोखंडी पट्टीवर ठेवून तुटलेल्या बाजूने ती सरळ छाटली, मग दुसरी कडही तेवढीच घेतली. पहिल्या दोन भोकांपैकी एक छाटणीत गेलं, दुसरं अगदी कडेवर आलं, निकामी. पाटी आता अरुंद झाली होती, आखूड झाली होती. त्याने ती उलटी केली आणि हातोडीच्या टोकाने पाठीकडून एकच घाव घातला. पाठीकडून अशासाठी की पुढच्या बाजूला बारीक ढलपी उडते आणि खिळ्याचं डोकं बसायला वाटी तयार होते.

ती वाटी त्याने अण्णांना दाखवली. अण्णांनी तिच्यात करंगळी घालून पाहिली.

"मोठ्यांच्या रांगेत आता चालायची नाही," तो म्हणाला. "वर, आढ्याजवळ जाईल."